काळी एक

नागाव, ता. अलिबाग
५ जानेवारी २०२६

प्रणय,

'चिरंजीव' लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. आधी भांडण, मग आशीर्वाद. उरले तर.

मी पद्माबाई. अक्षर ओळखलं असशील. दहा वर्षं आमच्या ऑर्केस्ट्रात तू कीबोर्ड वाजवलास ते माझ्या हातच्या याद्या समोर ठेवून. फोनच करणार होते, पण तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस असं आपली गाणारी हेमाली म्हणाली. ते कसं करतात तेही तिने दाखवलं. सोय चांगली आहे. मी चौतीस वर्षं गणित शिकवलं, तेव्हा ही सोय वर्गातल्या पोरांना नव्हती हे माझं नशीब.

तर मुद्दा. ८ फेब्रुवारीला गावची जत्रा. जत्रेच्या संध्याकाळी सहाला आपला ऑर्केस्ट्रा वाजतो, करोनाची दोन वर्षं सोडली तर सत्तावीस वर्षं वाजतो आहे. यंदा रितेशने ती तारीख तुझ्या गाण्याच्या पार्टीला दिली. रितेश म्हणजे उत्सव मंडळाचा अध्यक्ष, आणि त्याआधी माझ्याकडे सातवीत त्रैराशिकाला दोनदा नापास झालेला. मी जाब विचारायला गेले तर मला खुर्ची देऊन, सरबत देऊन म्हणतो, "बाई, आता अकरा माणसं बसवून वाजवत कोण बसतं? प्रणयदादा पेनड्राइव्ह लावतो, एकदम ओरिजनलसारखं वाजतं. चुकायचा सवालच नाही."

चुकायचा सवाल नाही म्हणे. सरबत तसंच ठेवून मी उठले.

ही तारीख तू सोड. तुला महिन्यात वीस कार्यक्रम असतात, एक गेला तर तुझं काही अडत नाही. आमचं अडतं. का, ते विचारू नकोस, मी कुणाला तरी शब्द दिला आहे.

आणि एक. तुझ्याविषयी माझ्या मनात काही नाही. २०१८च्या जत्रेत जे झालं ते झालं. चूक कुणाची होती ते दोन हजार माणसांनी पाहिलं, मी परत उगाळणार नाही.

उत्तर पाठव. कार्ड सोबत जोडलं आहे, पत्ता लिहिला आहे, तुला फक्त हो लिहायचं आहे.

पद्माबाई


१४ जानेवारी

प्रणय,

आज संक्रांत. तिळगूळ घे. गोड बोलायची जबाबदारी मी घेत नाही.

नऊ दिवस झाले, कार्ड आलं नाही. मात्र तू रितेशला कळवलंस की 'बाईंना सांगा, बुकिंग झालंय'. मला पत्र लिहायला वेळ नाही, रितेशला निरोप द्यायला आहे. तुझ्या वडिलांनी पंचवीस वर्षं ज्या स्टेजवर ट्रम्पेट वाजवला त्या स्टेजचं तुला 'बुकिंग' झालं! वा रे वा.

आता कबूल करून टाकते. शनिवारी अलिबागला तुझा कार्यक्रम होता, तो मी पाहिला. तोंडाला ओढणी गुंडाळून भजीच्या गाडीमागे उभी होते. वय वर्षं सहासष्ट, आणि चोरासारखी उभी! भजी बरी होती.

स्टेजवर सातजण होते. गिटारवाल्याच्या गिटारची वायर कशालाच जोडलेली नव्हती, ती त्याच्या पायाशी लोंबत होती. सॅक्सोफोनवाल्याने मधेच बाटली काढून पाणी प्यायलं आणि त्याचा सॅक्सोफोन आपला चालूच! माझ्या शेजारच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. मला त्यांना हलवून सांगावंसं वाटलं, अहो, कुणी वाजवत नाहीये, कशाला टाळ्या वाजवता? पण सगळ्यांनाच माहीत असतं आणि सगळ्यांनाच चालतं, हे जास्त चीड आणणारं आहे.

आणि तू! दोन्ही हात कीबोर्डवर, मान हलवतोयस, आणि बोटं स्वरांना टेकतसुद्धा नव्हती. तुझी बोटं मी ओळखते. खोटं वाजवताना तुझी करंगळी वर राहते.

तू म्हणशील, बाई, धंदा आहे. असू दे. चांगली गाडी घेतलीस, उलव्याला फ्लॅट घेतलास, मला आनंदच आहे. फक्त त्याला ऑर्केस्ट्रा म्हणू नकोस. रितेशला मी हेच सांगत होते तर तो म्हणाला, "बाई, पण लोकांना फरक कळत नाही." म्हटलं, तुला त्रैराशिकातला फरक कळत नव्हता म्हणून मी ते शिकवायचं सोडलं होतं का?

कार्ड दुसरं जोडते आहे.

पद्माबाई


२१ जानेवारी

प्रणय,

आज शब्द मोडते आहे. मोडायला लावलास.

तुझ्या वडिलांचे वरचे पुढचे चार दात हलताहेत. हिरड्या गेल्या. उरणच्या डॉक्टरांनी १२ फेब्रुवारीची तारीख दिली आहे, वरचे सगळेच काढायचे. ट्रम्पेट वाजवणाऱ्याचं सगळं त्या चार दातांवर उभं असतं, हे तुला मी सांगायला नको. कवळी लावून घरात पिपाणी वाजेल, ट्रम्पेट नाही. जत्रेच्या आधी दुसरा कुठला कार्यक्रम आम्हाला नाही. म्हणजे ८ तारखेला दयारामभाऊ ऑर्केस्ट्रात शेवटचं वाजवणार, नाहीतर ते शेवटचं वाजवून झालेलं आहे आणि आम्हाला कळलंही नाही. आमचं अडतं म्हणाले ते हे.

डिसेंबरात ते सांगायला आले. करंज्याहून लाँचने रेवसला, तिथून एसटीने, ट्रम्पेटची पेटी मांडीवर. सगळं जग मला बाई म्हणतं, ते 'बाय' म्हणतात आणि तू म्हणतात. म्हणाले, "बाय, दात गेलं का फुंक गेली. एक डाव सगल्यांच्या संगती वाजवाचं हाय. पन पोऱ्याला नको सांगू. तो दया करून येल, ता मना नको."

मी शब्द दिला. आज मोडला. त्यांना सांगायचं असेल तर सांग.

आमची तयारी म्हणशील तर आनंदीआनंद आहे. सॅक्सोफोनवाला येतो म्हणाला आहे. ढोलकी आहे, हेमाली गाणार आहे, सखुबाई त्यांचा खुळखुळा घेऊन तयारच आहेत. कीबोर्ड नाही. अलिबागहून एक क्लास चालवणारे सर आले, त्यांनी आधी लॅपटॉप उघडला. मी त्यांना चहा देऊन परत पाठवलं.

रितेश विचारत होता, चांगला ऑर्केस्ट्रा म्हणजे काय हो बाई, जास्त वाद्यं? त्याला काय सांगणार, तो तेव्हा माणगावला नव्हता. तू होतास. २०११. तिसरं गाणं चालू असताना लाइट गेले आणि जनरेटर सुरू होईना. माइक बंद, समोर तीन हजार माणसं. मी व्हायोलिन खाली ठेवणार होते. तर तुझे वडील थांबलेच नाहीत. ट्रम्पेटच्या तोंडावर हात धरून त्यांनी आवाज अर्ध्यावर आणला. मग ढोलकीवाल्याने तळहात सोडून नुसत्या बोटांनी वाजवायला घेतलं. मग आम्ही सगळेच खाली खाली येत गेलो, इतके की सखुबाईंचा खुळखुळा मागच्या रांगेत ऐकू गेला. लोक खुर्च्या सोडून पुढे आले आणि स्टेजला चिकटून जमिनीवर बसले. तीन हजार माणसं, कुणी खोकलं नाही.

तेव्हापासून आपली पद्धत पडली. कार्यक्रमाआधी पडद्यामागे एक गत माइकशिवाय वाजवायची. ज्याला खुळखुळा ऐकू येत नाही तो जास्त मोठ्याने वाजवतोय, त्याने खाली यायचं. मला विचारशील तर चांगला ऑर्केस्ट्रा एवढाच. वाद्यं भाड्याने मिळतात.

एक गोष्ट तुला कधी बोलले नाही. लाइट गेल्यावर तुझा कीबोर्ड बंद पडला होता. तू हात मांडीवर घेऊन बसला असतास तर कुणी काही म्हटलं नसतं. तू पूर्ण गाणं त्या मुक्या कीबोर्डवर वाजवलंस, एकही स्वर न चुकवता, फक्त बोटांनी. मी नंतर विचारलं, तर म्हणालास, "जागा सोडली तर परत सापडत नाय, बाई." करंगळी खाली होती त्या दिवशी.

ज्याने न वाजणाऱ्या कीबोर्डवर खरं वाजवलं तो आता वाजणाऱ्या कीबोर्डवर खोटं वाजवतो. माझा संताप होतो तो यासाठी.

ये रे. तारीख आम्हाला दे आणि तूही ये.

पद्माबाई


२९ जानेवारी

प्रणय,

तुझं उत्तर नाही. काल हेमाली म्हणाली, "बाई, तो का येईल? तुम्ही त्याला काय बोललात ते माझ्या कानात अजून आहे." मी तिच्यावरही चिडले. घरी येऊन पत्र लिहायला बसले आणि चार कागद फाडले. हा पाचवा आहे. हाही फाडायच्या आत पोस्टात टाकणार आहे.

२०१८ ची जत्रा. शेवटचं गाणं. सुरुवात ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि कीबोर्डने एकदम करायची. मी हात खाली आणला आणि ते असं बेसूर वाजलं की पुढच्या रांगेतली लहान मुलं कान धरून हसायला लागली. मागून शिट्ट्या आल्या. मी माइक घेतला आणि म्हणाले, "प्रणय, पट्टी बघून वाजव. नुसती बटणं दाबून ऑर्केस्ट्रा होत नाही." दोन हजार माणसांसमोर. तू उठलास, वायर काढलीस, कीबोर्ड काखेत मारून स्टेजच्या मागून उतरलास. तुझ्या वडिलांनी घरी जाऊन तुला आणखी सुनावलं, त्यांना मान खाली घालायला लावलीस म्हणून. त्यानंतर तुमच्या घरात गाण्याचा विषय निघत नाही, हे मला माहीत आहे.

आता काय झालं होतं ते ऐक. त्या दुपारी हेमालीचा घसा बसला. म्हणाली, बाई, शेवटचं गाणं काळी दोनच्या पट्टीत झेपणार नाही, खाली काळी एक करा. मी लाल पेन काढून तुझ्या यादीत काळी दोन खोडलं आणि काळी एक लिहिलं. तशीच दुसरी यादी होती, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनची. ती हातात घेतली, तेवढ्यात मंडळाची माणसं आली. पाहुण्यांच्या सत्काराची नावं लिहून द्या म्हणाली, तुमचं अक्षर चांगलं. मी शाल-श्रीफळाची नावं लिहायला बसले. दुसरी यादी तशीच राहिली.

तू बरोबर वाजवलंस, काळी एक. तुझ्या वडिलांनी त्यांच्या यादीप्रमाणे वाजवलं, काळी दोन. चुकले मी.

स्टेजवर मला हे माहीत नव्हतं, एवढंच माझ्या बाजूने. मला खरंच वाटलं की पट्टी बदलायचं ते बटण तू विसरलास. पण घरी येऊन व्हायोलिनची पेटी उघडली तर स्टेजवरून गोळा केलेल्या कागदांत ती दुसरी यादी वरच होती. काळी दोन, स्वच्छ, न खोडलेली. मी तिच्याकडे बघितलं आणि ती पेटीच्या अस्तराखाली सरकवली. दुसऱ्या दिवशी तुला फोन करायला हवा होता. म्हटलं उद्या. मग म्हटलं, तो शांत होऊ दे. मग तू पार्टी काढलीस आणि मला रागवायला आयतं कारण मिळालं. आठ वर्षं मी पेनड्राइव्हवर रागावते आहे.

का लपवलं? बाई चुकत नाहीत म्हणून. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल फुल्या मारल्या, आपल्या वहीवर मारायला हात धजला नाही. पहिल्या पत्रातसुद्धा मी काय लिहिलं ते वाच, चूक कुणाची होती ते दोन हजार माणसांनी पाहिलं म्हणे. निर्लज्जपणाची कमाल आहे.

मला माफ कर. आणि हे फक्त पत्रात म्हणून मी सुटणार नाही. जे माइकवर बोलले ते माइकवरच परत घेईन, तू ये किंवा येऊ नको, तुझ्या कार्यक्रमात मला एक मिनिट देऊ नकोस हवं तर, मी देवळाच्या भोंग्यावरून सांगेन. तुझ्या वडिलांना मात्र येत्या रविवारी तालमीला आले की तोंडावर सांगणार आहे. त्याचीच भीती जास्त आहे.

तारखेचं आता काही मागत नाही.

पद्माबाई


१० फेब्रुवारी

प्रणय,

परवा कार्यक्रम संपल्यावर तू थांबला नाहीस. मागे वाडीत पोपटी लावली होती, मडकंभर वालाच्या शेंगा, चौदा माणसांना पुरून उरतील एवढ्या. मडकं उघडेपर्यंत तू वडिलांना गाडीत बसवून गेलासही. मला तुझ्याशी बोलायचं होतं. मनातल्या मनात चार वेळा तालीम केली होती, ती फुकट गेली. म्हणून हे पत्र.

क्रमाने लिहिते. १ तारखेला दयारामभाऊ आले, मी दारातच त्यांना सगळं सांगून टाकलं. पायरीवर बसले, पाणी प्यायले. मग म्हणाले, "आट वरसां पोऱ्या नीट होता, न् मी त्याला बोल लावला." मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्यांनी पेटीतून पाकीट काढलं. म्हणाले, "त्यानी तुला दिला हाय. काय हाय ता मना नाय ठावं."

पाकिटात तुझी यादी होती, चार घड्यांची, घड्यांवर झिजलेली. शेवटच्या गाण्यासमोर काळी दोन खोडलेलं आणि माझ्या लाल पेनाने काळी एक. चिठ्ठी नाही, एक शब्द नाही.

म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्या संध्याकाळी तो कागद तुझ्यासमोरच होता. तू तो वर धरला असतास तर तिथल्या तिथे माझी शोभा झाली असती. घरी वडील बोलले तेव्हा त्यांच्यासमोर टाकला असतास तरी चाललं असतं. तू तो आठ वर्षं घडी करून ठेवलास. मी पायरीवर त्यांच्या शेजारी बसून रडले, हे तुला कळलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी रितेशचा फोन. "बाई, प्रणयदादाने बुकिंग सोडलं. म्हणतो तारीख बाईंची आहे. आता मी काय करू?" म्हटलं, खुर्च्या मांड.

तू येशील असं मला वाटलं नव्हतं. साडेपाचला पडद्यामागे कीबोर्ड काखेत मारून उभा होतास, जसा गेलास तसाच. 'नमस्कार बाई' म्हणालास, पायाला हात लावलास आणि वायर जोडायला लागलास. माइकशिवायची गत वाजवली. सखुबाईंनी खुळखुळा हलवता हलवता माझ्याकडे बघून मान डोलवली. इतक्या दिवसांनी तो मला ऐकू येत होता.

शेवटच्या गाण्याआधी मी माइक घेतला. ठरवलं होतं तसं. "मंडळी, आठ वर्षांपूर्वी याच गाण्याला" एवढं म्हणाले आणि तू तुझ्या माइकवरून मधेच विचारलंस, "बाई, पट्टी कुठली?"

माझी सगळी वाक्यं गेली. म्हटलं, "तू सांग."

"काळी एक."

ट्रम्पेट, सॅक्सोफोन, सगळ्यांनी माना हलवल्या. मी हात खाली आणला. समोरच्या लोकांना काही कळलं नाही, त्यांनी गाण्याला टाळ्या वाजवल्या. मला माझी शिक्षा पुरती भोगू दिली नाहीस याचा रागही आला. राहिलेलं वाक्य मी पुढच्या जत्रेत म्हणणार आहे, तेव्हा मधे बोललास तर याद राख.

पहिल्या कडव्याआधी दयारामभाऊंनी जे वाजवलं त्याबद्दल मी लिहीत नाही. तू तिथे होतास. दुसऱ्या कडव्याआधी त्यांनी ट्रम्पेट ओठाला लावला आणि नुसती हवा आली. परत फुंकलं, परत हवा. ओठाच्या कडेला रक्त दिसलं.

मी तुझ्या डाव्या हाताकडे पाहत होते. तुझ्या कीबोर्डवर ट्रम्पेटचं बटण आहे, पूर्वी तालमीत तू ते लावून दाखवायचास. एक बोट लागलं असतं. लोकांना कळलंही नसतं. तुझा हात तिकडे गेला नाही. तू खालचे स्वर धरलेस आणि आवाज उतरवलास. ते बघून ढोलकी उतरली, सॅक्सोफोन उतरला, मीही उतरले. त्यांची आठ आवर्तनं तू रिकामी सोडलीस. खुळखुळा तेवढा चालू होता. आणि तुझे वडील, ट्रम्पेट ओठाला तसाच धरून, तिन्ही कळा दाबत होते. बरोबर दाबत होते, प्रणय. एकही चुकवली नाही.

रितेश साउंडवाल्याकडे धावला. नंतर मला म्हणतो, "बाई, मधे ट्रम्पेटचा माइक गेला होता का?" मी त्याला पोपटीची शेंग हातात दिली आणि जा म्हटलं.

काल दयारामभाऊंचा फोन आला. आधी दातांचं बोलले, परवा तूच दवाखान्यात नेणार आहेस म्हणाले. मग म्हणाले, "बाय, गाडीत पोऱ्यानी इचारला, बाबा, दुसऱ्या कडव्याला काय वाजवत व्हतास? मी त्याला तोंडानी म्हणून दाखवला. परत म्हन बोलला. पेण येईपावत म्हनत व्हतो."

तुझी यादी परत पाठवते आहे. ती तुझी आहे. माझ्या अस्तराखालची काढून तिच्यासोबत जोडली आहे, तिच्यावर मी लाल फुली मारली आहे. तुझ्या यादीत काळी एकसमोर बरोबरची खूण केली आहे. वही तपासायला आठ वर्षं लावली, एवढी दिरंगाई मी नोकरीत कधी केली नव्हती.

चि. प्रणय, आशीर्वाद उरले आहेत. घे. आणि माझा नंबर उघड, मला तुझ्या बाबांच्या दातांची चौकशी करायची आहे.

तुझी
पद्माबाई